दहा कोंबड्यांसाठी कोणती योजना? परसातील कुक्कुटपालन आणि राष्ट्रीय पशुधन अभियान

थोडक्यात

- राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून ग्रामीण कुक्कुटपालनासाठी ५० टक्के भांडवली अनुदान मिळते, कमाल २५ लाख रुपये. हे अनुदान किमान १,००० पैदाशीच्या कोंबड्यांचा फार्म, अंडी उबवणी केंद्र आणि पिल्ले चार आठवडे सांभाळणारे युनिट उभारणाऱ्यांसाठी आहे.
- घरी दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्यांना हे अनुदान थेट मिळत नाही. त्यांच्यासाठी राज्याच्या व जिल्ह्याच्या योजना, पशुपालनासाठीचे किसान क्रेडिट कार्ड आणि सरकारी केंद्रांतून मिळणारी सुधारित पिल्ले हे मार्ग आहेत.
- सुधारित जातीची कोंबडी अंडी जास्त देते, पण सहसा खुडूक बसत नाही. नवी पिल्ले कुठून आणायची, हे आधी ठरवा.
- मानमोडीची लस हा या व्यवसायातला सर्वांत स्वस्त विमा आहे.

आधी एक दुरुस्ती

या पोर्टलवर ग्रामीण कुक्कुटपालनाची माहिती मराठीत आणताना मी एका मथळ्यात चूक केली होती. मूळ मजकुरात ‘ग्रामीण कुक्कुटपालन उद्योजकता’ अशा अर्थाचे शब्द होते. मथळा लांबतो म्हणून मी ‘उद्योजकता’ गाळले आणि ‘परसातील कुक्कुटपालनासाठी ५० टक्के अनुदान’ असे लिहिले. वाचायला सोपे झाले, पण अर्थ बदलला.

खानापूर तालुक्यातल्या माझ्या आत्याने ते पान मोबाईलवर वाचले. तिच्याकडे तेव्हा अकरा कोंबड्या होत्या. आधार कार्ड, उतारा आणि बँक पासबुक घेऊन ती दोनदा तालुक्याला जाऊन आली. दोन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे गेले. दुसऱ्या खेपेला तिला कळले की योजना हजार कोंबड्यांपासून सुरू होते. रात्री तिचा फोन आला. “अगं पोरी, हजार कोंबड्या ठेवायच्या तर आम्ही निजायचं कुठं? तुझं ते पन्नास टक्के कुणासाठी आहे, तेवढं तरी सांग.”

मथळा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. आत्याचा प्रश्न मात्र दुरुस्तीने सुटत नाही. हे अनुदान नेमके कोणासाठी आहे? ते असे का आखले? आणि दहा कोंबड्यांच्या घराने काय करावे? हा लेख या तीन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी आहे.

परसातल्या कोंबड्या वाढत आहेत

२०१९ च्या २० व्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी कोंबड्या व इतर कुक्कुट पक्षी मोजले गेले. त्यांपैकी ३१.७ कोटी परसातले होते. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेच्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. मोठ्या व्यावसायिक फार्मवरच्या पक्ष्यांची वाढ याच काळात केवळ साडेचार टक्के होती. २१ व्या पशुगणनेचे काम २५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाले.

देशात विकली जाणारी बहुतेक अंडी मोठ्या फार्मवरून येतात. तरीही वाढीचा वेग अंगणात जास्त दिसतो, आणि त्याची कारणे साधी आहेत. कोंबडीला जमीन लागत नाही, थोडे अंगण पुरते. सांडलेले दाणे, किडे आणि उरलेले अन्न यांवर तिचे बरेचसे भागते. अडचणीच्या दिवशी एक कोंबडा विकला की औषधाचे किंवा शाळेचे पैसे उभे राहतात. हा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. गाय किंवा म्हैस विकायची तर घरात चर्चा होते, कोंबडीसाठी कोणी विचारत नाही.

योजना कशी बदलली

केंद्र सरकारने २००९-१० मध्ये कुक्कुट विकासाची केंद्रपुरस्कृत योजना सुरू केली. तिचा एक भाग ग्रामीण परसातील कुक्कुटपालनाचा होता. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला चार आठवड्यांची सुधारित पिल्ले टप्प्याटप्प्याने, एकूण ४५, दिली जात. रात्रीच्या खुराड्यासाठी थोडी रक्कमही मिळे. पुढे २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियान आले आणि ही योजना त्यात सामावली गेली.

२०२१-२२ मध्ये अभियानाची फेररचना झाली. २०२५-२६ पर्यंतच्या पाच वर्षांसाठीच्या या रचनेत भर पिल्ले वाटण्यावरून उद्योजक उभे करण्यावर आला. ग्रामीण कुक्कुटपालनाच्या नव्या घटकात एकाच साखळीचे तीन दुवे आहेत:

१. पेरेंट फार्म: किमान १,००० पैदाशीच्या कोंबड्या, ज्यांची अंडी उबवणीसाठी वापरायची.
२. ग्रामीण उबवणी केंद्र: जिथे या अंड्यांतून पिल्ले काढायची.
३. मदर युनिट: जिथे पिल्ले चार आठवडे उबेत वाढवायची आणि मग गावकऱ्यांना विकायची.

व्यक्ती, बचत गट, शेतकरी उत्पादक संस्था, संयुक्त देयता गट, सहकारी संस्था आणि कलम ८ खालील कंपन्या अर्ज करू शकतात. अर्ज राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या उद्यमीमित्र पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. अनुदान भांडवली खर्चाच्या निम्मे, पण २५ लाखांपेक्षा जास्त नाही, आणि ते दोन समान हप्त्यांत मिळते. म्हणजे २० लाखांच्या प्रकल्पाला १० लाख, तर ६० लाखांच्या प्रकल्पालाही २५ लाखच. उरलेली रक्कम बँकेच्या कर्जातून किंवा स्वतःच्या खिशातून उभी करायची. जमीन खरेदी, भाडे, गाडी आणि रोजचा चालू खर्च यांवर अनुदान नाही. जमीन स्वतःची किंवा भाडेपट्ट्याची हवी. प्रकल्प अहवाल लागतो, आणि प्रशिक्षण किंवा अनुभवही दाखवावा लागतो.

थोडक्यात, जुन्या योजनेत आत्या लाभार्थी होती. नव्या योजनेत ती उद्योजकाची ग्राहक आहे.

हा बदल चूक होता का?

एकदम तसे म्हणता येणार नाही. फुकट वाटलेल्या पिल्लांचे काय होते, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. एका दिवशी पेट्या येतात, रांग लागते, फोटो निघतात. लसीकरण झाले की नाही, हे कोणी विचारत नाही. काही पिल्ले मांजर नेते, काही पावसात गारठतात, उरलेली सणाला कापली जातात. वर्षभराने अंगण पुन्हा रिकामे होते आणि घर पुढच्या वाटपाची वाट बघते. पिल्ले वाटणे सोपे असते. पुढच्या वर्षी तशीच पिल्ले जवळ कुठे मिळतील, याची सोय करणे अवघड असते. नव्या रचनेने ही अवघड बाजू धरली, ही तिची जमेची बाजू.

उणी बाजू दोन ठिकाणी दिसते. पहिली अशी की हजार पक्ष्यांचा पेरेंट फार्म, उबवणी यंत्रे आणि मदर युनिट यांसाठी बँकेपुढे उभे राहू शकेल असा अर्जदार लागतो. अंगणात कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक बायकांच्या नावावर जमीन नसते. दुसरी बाजू अशी की साखळीचा शेवटचा दुवा, म्हणजे घर, आपोआप जोडले जाईल असे गृहीत धरले आहे. ज्या तालुक्यात उद्योजक उभा राहिला तिथे पिल्ले मिळतील. जिथे नाही राहिला, तिथल्या घराला केंद्राच्या या घटकातून काहीच मिळत नाही.

हेब्बाळची गिरिराजा, हेसरघट्ट्याची कावेरी

परसातल्या कोंबडीच्या इतिहासात बेंगळुरूचा वाटा मोठा आहे. हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकसित झालेली गिरिराजा १९८९ मध्ये शेतकऱ्यांना उपलब्ध झाली. रंगीत पिसांची, अंगाने भरलेली आणि दिसायला गावठीसारखी ही कोंबडी वर्षाला साधारण १३० ते १५० अंडी देते. गावठी कोंबडी ५० ते ६० देते. २००५ मध्ये याच परंपरेतून स्वर्णधारा आली. चांगल्या देखभालीत ती १८० च्या पुढे अंडी देते. गिरिराजापेक्षा ती हलकी असल्यामुळे रानमांजर किंवा कोल्हा आला तर निसटण्याची शक्यता जास्त.

शहराच्या वायव्येला हेसरघट्टा येथे केंद्र सरकारची केंद्रीय कुक्कुट विकास संघटना व प्रशिक्षण संस्था आहे. कावेरी ही तिथली जात. अशाच केंद्रीय संस्था मुंबईत आरे वसाहतीत, भुवनेश्वरला आणि चंदीगडला आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा आणि ग्रामप्रिया महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहेत. वनराजा मांसाला बरी, ग्रामप्रिया अंड्यांना. महाराष्ट्र शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुण्यात खडकीला, तसेच कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत.

इथे सीमाभागातल्या वाचकांसाठी भाषेची एक गंमत. कन्नडमध्ये कोंबडीला ‘कोळी’ म्हणतात आणि पिल्लाला ‘मरी’. परसातील कुक्कुटपालन म्हणजे ‘हित्तल कोळी साकणे’. भाषांतराच्या पहिल्या आठवड्यात ‘कोळीमरी वितरण’ हे शब्द देवनागरीत समोर आले, तेव्हा कोळ्यांमध्ये कुठली साथ पसरली, असे मला क्षणभर वाटले होते. ती पिल्ले वाटपाची सूचना होती. बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा बीदर भागात कार्यालयाबाहेरच्या फलकावर हे शब्द दिसले तर थांबून चौकशी करा.

दोन पट अंडी, पण पिल्ले कुठून?

हिशेब करून पाहू. बारा गावठी कोंबड्या वर्षाला ६० च्या हिशेबाने ७२० अंडी देतात, म्हणजे दिवसाला दोन. बारा गिरिराजा १५० च्या हिशेबाने १,८०० अंडी देतात, म्हणजे दिवसाला पाच. दोन अंडी घरात संपतात. पाचांतली तीन विकता येतात. गावठी कोंबडी भटकून पोट भरते, सुधारित कोंबडीला मात्र रोज थोडा दाणा वरून द्यावा लागतो. तो धरूनही फरक उरतो.

पण गावठी कोंबडी एक काम फुकट करते, जे सुधारित कोंबडी सहसा करत नाही. ती खुडूक बसते. दहा-बारा अंडी अंगाखाली घेते, २१ दिवस उठत-बसत राहते आणि पिल्ले काढते. पुढचे काही आठवडे त्यांना पंखाखाली घेऊन दाणे टिपायला शिकवते. घार दिसली की आवाज देते. यंत्र, बल्ब, मदर युनिट ही सगळी कामे ती एकटी करते. खुडूक असताना ती अंडी देत नाही, म्हणून जास्त अंड्यांसाठी केलेल्या निवडीत हा गुण मागे पडला. अंडी वाढली आणि आई हरवली, असा हा व्यवहार आहे.

यावर गावातली जुनी युक्ती म्हणजे सुधारित कोंबडीची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवणे. आत्यानेही तेच केले होते. पिल्ले निघतात आणि जगतातही. पण गिरिराजासारख्या जाती वेगवेगळ्या वाणांच्या संकरातून तयार होतात. त्यांची घरच्या घरी पुढची पिढी काढली तर काही पिल्ले चांगली निघतात, काही लहान राहतात, आणि अंड्यांची संख्या घसरते. पिल्ले फसवी निघाली, अशी तक्रार होते ती याच कारणाने. फसवणूक कोणी केलेली नसते. सुधारित पक्षी दर पिढीला केंद्रातूनच आणावा लागतो, एवढे सांगायचे राहून गेलेले असते.

म्हणून लहान घराला जमणारी रचना मिश्र आहे. अंड्यांसाठी आठ-दहा सुधारित कोंबड्या आणि पिल्ले काढायला दोन-तीन गावठी. गावठी कोंबड्यांना गावठीच कोंबडा, आणि तो वर्षा-दीड वर्षाने दुसऱ्या गावच्या कोंबड्याशी बदलायचा, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास होत नाही.

घरी उबवणी करताना

- अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. टोक खाली करून, थंड जागी, न धुता ठेवा. कडक उन्हाळ्यात उबवणीला बसवणे टाळा.
- दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो.
- सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्याखाली टॉर्च धरा. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे जिवंत आहे. स्वच्छ दिसणारे अंडे काढून टाका.
- छोटे यंत्र वापरत असाल तर तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवे. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, शेवटचे तीन दिवस फिरवणे बंद आणि ओलावा वाढवायचा. यंत्र घेण्याआधी आपल्या गावात वीज किती वेळ जाते, ते वहीत आठवडाभर लिहून काढा.
- विकत आणलेल्या एकदिवसीय पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जा. साध्या पिवळ्या बल्बचा हिशेब पिल्लामागे दोन वॅट. पिल्ले बल्बखाली गठ्ठा करून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला पळून चोच उघडून बसली तर उष्णता जास्त झाली. सारखी पसरली असतील तर सगळे ठीक.
- एकदिवसीय पिल्लू स्वस्त पडते आणि पोटातल्या बलकावर दोनेक दिवस काढत असल्यामुळे लांबचा प्रवासही सोसते. पण पहिल्यांदाच पाळत असाल तर चार आठवड्यांचे पिल्लू घ्या. जास्त दिलेले पैसे मरतुकीत वाचतात.

अकरातून तीन

आत्याच्या दुसऱ्या खेपेनंतर महिनाभरात तिच्या अकरांपैकी आठ कोंबड्या गेल्या. हिरवट हगवण, मान वाकडी, पंख लुळे. गावात याला मानमोडी म्हणतात, सरकारी कागदावर राणीखेत. हा विषाणूजन्य रोग आहे. एकदा झाला की औषध नाही. लस मात्र जुनी, खात्रीची आणि अगदी स्वस्त आहे. कर्नाटकात हेब्बाळची पशु आरोग्य व पशुवैद्यकीय जैविक संस्था आणि महाराष्ट्रात पुण्यातील औंधची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था, दोन्हीकडे पशु-पक्ष्यांच्या लसी तयार होतात.

वेळापत्रक साधे आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून. देवी रोगाची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने.

मग लस दिली का जात नाही? कारण बहुधा कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची असते. ती फ्रिजच्या थंडाव्यात ठेवावी लागते आणि पातळ केल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. अकरा कोंबड्यांसाठी शंभरांची कुपी कोण फोडणार? उपाय गल्लीतच आहे. दहा घरांनी मिळून एक कुपी, एक दिवस, एक संध्याकाळ. कोंबड्या खुराड्यात परतल्या की धरायला सोप्या जातात. गावात पशुसखी असेल तर हे काम तिच्यामार्फत करता येते. बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांबरोबर लसीची तारीखही ठरवली, तर वर्षाला एखादी कोंबडी विकून मिळणाऱ्या पैशांपेक्षाही कमी खर्चात पूर्ण गल्ली सुरक्षित होते.

बर्ड फ्लू आला तर

देशात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला. २०२५ च्या सुरुवातीला रायगडमधल्या उरण तालुक्यात आणि बेंगळुरूला लागून असलेल्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात तो पुन्हा दिसला. रोग निश्चित झाल्यावर एक किलोमीटरच्या परिसरातले पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. अंगणातली एकुलती एक कोंबडीही त्यातून सुटत नाही.

भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची आणि खाद्याची. तिचा भार केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. आधीच मेलेल्या पक्ष्यांची भरपाई नाही. म्हणून एकाच वेळी अनेक कोंबड्या मरू लागल्या तर त्या गुपचूप पुरू नका, घाईने विकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी सांगा. लपवण्यात शेजाऱ्याचे नुकसान आहे आणि तुमचेही.

दहा कोंबड्यांच्या घराने कुठे विचारावे?

महाराष्ट्रात राहत असाल तर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागात एकात्मिक कुक्कुट विकास योजनेची चौकशी करा. तीत २५ तलंगा आणि ३ नर असा गट, किंवा १०० एकदिवसीय पिल्ले, ५० टक्के अनुदानावर देण्याची तरतूद असते. अर्ज कधी सुरू होतात आणि यंदाचा निधी किती, हे जिल्ह्यागणिक बदलते.

कर्नाटकात राहत असाल तर तालुक्याच्या पशुपालन व पशुवैद्यकीय सेवा खात्यात यंदाच्या पिल्ले वाटपाची यादी कधी लागते, ते विचारा. सीमाभागातल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे की राज्याची योजना राहत्या पत्त्यावर ठरते, भाषेवर नाही. चंदगडची मावशी महाराष्ट्राच्या योजनेत अर्ज करू शकते, तिचीच खानापूरची बहीण नाही.

किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ च्या अर्थसंकल्पानंतर पशुपालनालाही लागू झाले. दाणा, औषध, मजुरी अशा चालू खर्चासाठी दोन लाखांपर्यंतचे कर्ज सवलतीच्या व्याजाने मिळते, आणि वेळेवर फेडल्यास व्याज प्रत्यक्षात चार टक्के पडते. स्वतंत्र अर्जदार, बचत गट व संयुक्त देयता गट पात्र आहेत. पण हे कर्ज आहे, अनुदान नाही. दहा कोंबड्यांसाठी ते काढण्याची सहसा गरज पडत नाही. शंभराच्या पुढे जायचे असेल तेव्हा विचार करा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची चिंता लहान घराने करू नये. केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांत ती अट पाच हजार पक्ष्यांपासून सुरू होते. शहरात राहणाऱ्यांनी मात्र पालिकेचे नियम आणि शेजाऱ्यांची झोप, दोन्ही आधी तपासावीत.

पुढच्या टप्प्यात काय हवे?

पाच वर्षांच्या रचनेचा हिशेब मांडताना किती उद्योजक उभे राहिले, ही संख्या पुढे येईल. ती महत्त्वाची आहे, पण पुरेशी नाही. त्या उद्योजकांची पिल्ले किती अंगणांत पोहोचली आणि वर्षभराने त्यांतली किती जिवंत होती, हेही मोजायला हवे.

तीन गोष्टी माफक खर्चात होऊ शकतात. एक, बचत गटांसाठी दोनशे-तीनशे पिल्लांचे छोटे मदर युनिट, ज्याला जमिनीचा उतारा नव्हे तर गटाची बँक-नोंद पुरावी. दोन, लहान मात्रांच्या लसीच्या कुप्या. तीन, प्रत्येक पिल्लासोबत मराठीत, कन्नडमध्ये, ज्या त्या भाषेत एक कागद: ही जात कोणती, लस कधी, आणि हिची पुढची पिढी घरी काढली तर काय होईल. तिसरे काम आमच्यासारख्या भाषांतरकारांचे आहे, आणि त्यातला मथळा आखूड करण्याच्या भानगडीत पडू नये, हे मी शिकले आहे.

आत्याकडे तीन गावठी कोंबड्या उरल्या होत्या. त्यांतल्या दोन खुडूक बसल्या, एकीखाली नऊ पिल्ले निघाली. तिने गटातल्या सहा बायकांना सोबत घेऊन चार आठवड्यांची स्वर्णधाराची साठ पिल्ले मागवायचे ठरवले आहे, पैसे ज्याचे त्याने भरून. पिल्ले यायच्या आधी लसीची तारीख ठरली आहे. या वेळी तिने मला अनुदानाचे विचारले नाही. विचारले ते एवढेच, की आर-टू-बी कोणत्या आठवड्यात.

अर्ज किंवा खरेदीपूर्वी तपासा

१. मला पिल्ले पाळायची आहेत की पिल्ले तयार करून विकायची आहेत? दुसरे असेल तरच राष्ट्रीय पशुधन अभियानाचा अर्ज.
२. योजनेची सध्याची मार्गदर्शक तत्त्वे पोर्टलवर पाहिली का? जुन्या पत्रकावर विसंबून प्रवास करू नका, आधी फोन करा.
३. जात कोणती? अंड्यांसाठी की मांसासाठी? पुढची पिल्ले कुठून येणार?
४. रात्रीचे खुराडे मुंगूस आणि मांजरापासून सुरक्षित आहे का? जमिनीपासून उंच आहे का?
५. लस कोण देणार, कोणत्या तारखेला, आणि कुपी किती घरांत वाटून घेणार?